मॅडमच्या मुलाचा निवांतांक

शिक्षकांच्या पोरांना एक गोष्ट फार लवकर शिकावी लागते. शाळेच्या फाटकाच्या आत आई नसते, मॅडम असतात. सम्मेद चौगुले पाचवीत या शाळेत आला, तेव्हा पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत तो घट्ट बसलेल्या झाकणाचा डबा घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा राहिला आणि त्यानं "आई" म्हणून हाक मारली. त्रिशलाबाईंनी त्याला व्हरांड्यात नेलं आणि हळू आवाजात बजावलं, "इथं मॅडम म्हणायचं. आई घरी." मग झाकण उघडून दिलं, पण त्यानं मॅडम म्हटल्यावरच. यात त्यांचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही. इचलकरंजीतली कुठलीही शिक्षिका हेच करते, कारण मॅडमच्या मुलाला दोन मार्क जास्त पडले तरी बोलायला लोक टपलेले असतात. पोरगंही समजूतदार निघालं. त्या दिवसानंतर शाळेत त्याच्या तोंडून आई हा शब्द कधी निघाला नाही.

तो आठवीत गेला त्या वर्षी विद्यार्थी सोबती कायदा आला. आधी काही जिल्ह्यांत चाचणीपुरता, मग जमलं तर सगळ्या राज्याला, असा बेत होता. कायद्यामागची गोष्ट साधी होती. शाळकरी मुलं आतल्या आत कुढत होती, काही तर जिवाचं बरंवाईट करून घेत होती, आणि अख्ख्या तालुक्याला समुपदेशक एक. त्या बिचाऱ्या बाईंपुढे बसलेलं मूल "बरं आहे" एवढंच म्हणायचं आणि उठून जायचं. मुलं बोलतात ती मुलांशी. मग शाळेतल्याच काही मुलांना ऐकायला शिकवावं, त्यांना कायद्याचं पाठबळ द्यावं, तास द्यावेत, वर देखरेखीला एक शिक्षक द्यावा, असं विधिमंडळानं ठरवलं. अशा ऐकणाऱ्या मुलाला म्हणायचं सोबती.

सोबती निवडायचा कसा, हा खरा प्रश्न होता. शिक्षकांना विचारलं तर ते वर्गप्रमुखाचं नाव देणार, नाहीतर वक्तृत्वात ढाल आणणाऱ्या मुलीचं. आणि ज्याचं रडू कोसळायच्या बेतात आहे तो उठून वर्गप्रमुखाकडे जाईल, असं फक्त शिक्षकांनाच वाटू शकतं. इथं मनगटावरची पट्टी कामाला आली.

माणसाचं हृदय घड्याळासारखं एका मापात पडत नाही. श्वास घेताना ठोके किंचित घाईनं पडतात, सोडताना किंचित सावकाश. निवांत माणसात ही ये-जा मोकळी असते. मनावर ताण आला की शरीर सावध होतं, ही मोकळीक जाते आणि ठोके ताठपणे, ठरल्या अंतरानं पडायला लागतात. मनगटावर बांधलेल्या पट्टीला हे मोजता येतं, हे लोकांना आधीच माहीत होतं. नवं सापडलं ते असं, की दोन माणसं जवळ बसली म्हणजे त्यांचे श्वास आणि ठोके नकळत एकमेकांच्या लयीत येऊ लागतात. आणि काही माणसं अशी असतात, की ती नुसती शेजारी असली तरी दुसऱ्याची लय सैल होते. त्यासाठी त्यांना काही करावं लागत नाही, बोलावंही लागत नाही. शाळेतल्या सगळ्यांच्या मनगटांवर रात्रंदिवस, घरीसुद्धा राहतील अशा पट्ट्या बांधल्या. कोण कुणाच्या जवळ होतं हे पट्ट्यांनीच आपसांत टिपलं, आणि कुणापाशी कुणाचा जीव निवतो ते यंत्रानं सांगितलं. प्रत्येकाचा शून्य ते शंभर असा आकडा निघाला. सरकारी परिभाषेत त्याला निवांतांक असं नाव मिळालं. आकडा मोठा तेवढं मूल निवांत, पडद्यावर हिरवं. तिशीच्या खाली गेलं की लाल.

त्या शाळेत यंत्रानं सगळ्यात आधी नाव काढलं ते सम्मेदचं.

"आपला सम्मेद?" मुख्याध्यापक आवटी सर चष्मा कपाळावर ढकलत म्हणाले. "अहो, तो तर वर्गात आहे का नाही तेही कळत नाही."

त्रिशलाबाईंनाही खरं वाटलं नव्हतं. पोरगा शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा, खेळात यथातथा, अभ्यासात बरा. पण पडदा खोटं बोलत नव्हता. तो शेजारून गेला तरी पोरांचे आकडे वर सरकत होते. त्या रात्री त्या जरा जास्तच खुशीत होत्या हे कबूल करायला हवं. स्वतःच्या लेकराच्या बाबतीत इतक्या वर्षांत स्टाफरूममध्ये अभिमानानं सांगण्यासारखं त्यांना पहिल्यांदाच काही मिळालं होतं.

शाळेच्या सोबती समन्वयक त्याच झाल्या.

सम्मेदच्या वाट्याला पहिली आली ती सातवीतली ऋतिका माळगे. जूनपासून ती शाळेत एक शब्द बोललेली नव्हती. वडील नव्हते, आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. सम्मेद मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर तिच्या शेजारी जाऊन बसायचा आणि गप्प राहायचा. कधी शेंगा सोलून मधे ठेवायचा. एक दिवस ऋतिका आपण होऊन बोलली. काय बोलली ते कुणाला कळलं नाही, कळायचंही नव्हतं. सोबत्यानं ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, मुलाला कसला धोका दिसला तर मात्र समन्वयकांना सांगायचं, असा कायदाच होता. पण दिवाळीपर्यंत ऋतिका माळगे प्रार्थनेच्या रांगेत शेजारणीशी कुजबुजताना पकडली गेली आणि तिला शिक्षा करायची सोडून त्रिशलाबाई कौतुकानं बघत उभ्या राहिल्या.

कायद्यानं एका सोबत्याकडे तीन मुलं. अपवाद म्हणून समन्वयकांच्या परवानगीनं जास्त. चौथ्या मुलाची परवानगी त्रिशलाबाईंनी विचार करून दिली, पाचव्याची कमी विचार करून, आणि सम्मेद नववीत गेला तोवर त्याच्याकडे अकरा मुलं होती. देणार तरी कुणाकडे? दुसऱ्या सोबत्यांपाशी मुलं निवत नव्हती. शिवाय मॅडमनं स्वतःच्या मुलाला कमी काम दिलं असं कुणी म्हणायला नको, हेही होतंच. आणि सम्मेदचा स्वतःचा आकडा तर कायम हिरवा.

तो हिरवा का, हे सांगायला हवं. सुरुवातीच्या चाचण्यांत सगळेच सोबती लाल दिसायला लागले होते. रडणाऱ्यापाशी तासभर बसलं की ऐकणाऱ्याचं काळीजही त्याच लयीत धडधडतं. तज्ज्ञांनी मग असं ठरवलं, की हा ताण सोबत्याचा नव्हे, उसना आहे. तास संपला की उतरेल. म्हणून समन्वयकांच्या पडद्यावर सोबत्याच्या आकड्यात ही घट परत मिळवून दाखवायची सोय केली. हिशेब बिनचूक होता. फक्त उसनं घेतलेलं कधी उतरतच नसेल तर काय, हे कुणी विचारलं नाही.

चौगुल्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. पूर्वी संध्याकाळी तिघं एकत्र बसायची. सम्मेद सोबती झाल्यापासून मात्र शाळेतून थेट घरी यायचा, बापाचा डबा उचलायचा आणि शेडवर निघून जायचा. तिथंच बापाबरोबर जेवायचा. भरतेश चौगुल्यांची शेड म्हणजे आठ जुने साधे माग. गावात सगळीकडे बिनधोट्याचे, फूस करून हवा मारणारे माग आले तरी भरतेश सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी धोट्याला धरून होते, आणि त्या खडखडाटात त्यांचे कान केव्हाच गेले होते. त्रिशलाबाई स्वयंपाकघरात एकट्या जेवायच्या. पोराला बापाची ओढ आहे, चांगलंच आहे, असं त्या स्वतःला सांगायच्या.

एका रविवारी भाकरी थापताना त्यांनी सहज विचारलं, "ऋतिका कशी आहे रे आता? काय म्हणते?"

"बरी आहे, मॅडम," सम्मेद म्हणाला.

त्यांना हसूच फुटलं. "अरे, घरात आहेस तू!"

तोही हसल्यासारखा झाला आणि कपडे बदलायला आत गेला. ही गंमत त्यांनी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगितली. सगळे हसले.

डिसेंबरात विधिमंडळाची समिती शाळा बघायला येणार होती. कायदा सगळ्या राज्याला लावायचा की गुंडाळायचा हे त्या समितीच्या अहवालावर ठरायचं होतं. आवटी सरांनी भिंती रंगवून घेतल्या, स्वागतगीत बसवायला दिलं, आणि एके दुपारी त्रिशलाबाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, पालकांच्या पानाची एकच नोंदणी राहिलीय बघा. तेवढी झाली की शंभर टक्के."

पालकांचं पान म्हणजे प्रत्येक आईबापाला आपल्या मुलाचा निवांतांक फोनवर बघता यावा म्हणून केलेली सोय. त्यासाठी त्रिशलाबाईंनी सगळ्या गावाला फोन करून सळो की पळो केलं होतं. आपल्या लेकरासाठी पाच मिनिटं नाहीत तुमच्याकडं, असं ऋतिकाच्या आईलाही सुनावलं होतं.

"कुणाची राहिलीय? नाव सांगा, आत्ता फोन लावते."

"तुमचीच."

दोघंही हसले. "अहो सर, मी तर रोज बघते त्याला."

"ते समन्वयक म्हणून. पालक म्हणून उघडलंच नाही तुम्ही."

खरंच होतं. पालकसभेतही त्या कधी पालकांच्या बाकावर बसल्या नव्हत्या. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला, फोन काढला आणि पान उघडलं.

पालकांच्या पानावर मिळवणी नव्हती. तिथं आकडा दिसायचा तो अंगात होता तसा. सम्मेद चौगुले लाल होता. आज लाल, काल लाल, दिवाळीत लाल, गणपतीत लाल. बोट मागे सरकवत त्या जूनपर्यंत गेल्या. खाली आणखी एक ओळ होती, जवळ कोण होतं ते सांगणारी. शिक्षकांच्याही मनगटांवर पट्ट्या होत्याच. त्रि. भ. चौगुले हे नाव त्या ओळीत आलं, की आकडा आणखी खाली जायचा. व्हरांड्यात खाली, वर्गात खाली. पुढं घरातही. स्वयंपाकघरात, देवाच्या खोलीत, रविवारी दुपारी.

पट्टी बिघडली असेल असं त्यांनी स्वतःशी म्हणून बघितलं. पण रोज संध्याकाळी मात्र तासाभराचा एक हिरवा तुकडा होता, नीट, न चुकता. तिथं जवळ कोण ही ओळ रिकामी होती. भरतेशना पट्टी नव्हती.

"झालं का शंभर टक्के?" आवटी सरांनी दारातून विचारलं.

"झालं," त्या म्हणाल्या. पुढचा तास नववी अ वर होता. त्या खडू घेऊन उठल्या.

त्यांनी जे करायचं ते तातडीनं केलं. दुसऱ्याच दिवशी सम्मेदला सोबतीपणातून मोकळं केलं, अकरा मुलं बाकीच्या सोबत्यांत वाटून दिली आणि त्याला स्टाफरूममध्ये बोलावून सांगितलं.

"ऋतिकाला सांगितलंय का कुणी?" त्यानं विचारलं.

"सांगू आम्ही."

"ती दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही, मॅडम."

"बोलेल. सुरुवातीला तुझ्याशी तरी कुठं बोलत होती? सम्मेद, तुझा आकडा बघितलास का तू?"

"मला माझा आकडा ठाऊक आहे," तो म्हणाला. मग त्यानं दाराकडं आणि पुन्हा त्यांच्याकडं बघितलं. काहीतरी सांगायचं होतं त्याला, हे त्रिशलाबाईंना नंतर फार वेळा आठवलं. पण स्टाफरूममध्ये दोन शिक्षिका वह्या तपासत बसल्या होत्या, घंटा झाली, आणि तो "येतो, मॅडम" म्हणून निघून गेला.

मोकळ्या केलेल्या सोबत्यानं आपल्या जुन्या मुलांना काही महिने एकटं भेटायचं नाही, असा नियम होता. मुलांना एकाचीच सवय लागू नये म्हणून केलेला. चांगल्याच हेतूनं केला होता. ऋतिका मधल्या सुट्टीत टाकीच्या कट्ट्यावर बसायची आणि सम्मेद वर्गाच्या खिडकीतून तिकडं बघत राहायचा. नवी सोबतीण, बिचारी गुणी मुलगी, ऋतिकाशी एकटीच बोलायची. तिकडं ऋतिकाच्या आईच्या फोनवर रोज लाल इशारा जायला लागला. शिलाईच्या मशीनवर बसलेल्या त्या बाईला दुसरं काय सुचणार? ती घाबरली. नाताळाच्या आधी शाळेत आली, मुलीचा दाखला मागितला आणि म्हणाली, "भावाकडं ठेवते, मॅडम. अथणीला. घर मोठं हाय त्येचं, माणसं हाईत. इथं माझ्या माघारी एकटीच असती पोर."

कायदा महाराष्ट्राचा, अथणी कर्नाटकात. शाळेनं ऋतिकाच्या मनगटावरची पट्टी सोडवून घेतली. पट्टीखाली कातडी पांढरी पडली होती. ऋतिका जाताना कुणाशी बोलली नाही, आणि त्या दिवसापासून सम्मेदही घरात बोलेनासा झाला.

समिती आली तेव्हा त्रिशलाबाईंच्या हातात आवटी सरांनी लिहून दिलेलं भाषण होतं. त्यांनी ते वाचलं नाही. सोबत्याला सोबती नाही, एवढं सांगून त्यांनी स्वतःच्या मुलाची सगळी हकीकत सांगितली. अकरा मुलांची परवानगी मी दिली, असंही सांगितलं. समितीच्या अध्यक्ष बाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं आणि मग पुष्कळ वेळ लिहिलं. मार्चच्या अधिवेशनात कायदा सगळ्या राज्यासाठी मंजूर झाला, सुधारणांसकट. तीनच्या वर मूल नाही, अपवाद नाही. सोबत्याचा आकडा जसा असेल तसाच दाखवायचा. सोबत्याचे आईवडील त्याच शाळेत समन्वयक नकोत. हजारो पोरांचं त्यात भलं झालं असेल, आणि ते खोटं नाही. लोकांनी त्रिशलाबाईंचं कौतुक केलं, सत्कारही केला. समन्वयकपद त्यांनी कायद्याप्रमाणे सोडलं.

आता सगळं नीट होईल असं त्यांना वाटत होतं. पोराच्या डोक्यावर कुणाचं ओझं नव्हतं, उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, शाळेला कुलूप होतं. तरी त्या खोलीत आल्या की आकडा घसरायचाच. फोन हातात धरून घरात वावरायची त्यांना सवयच लागली. अभ्यासाचं विचारणं बंद केलं, आकडा घसरला. त्याच्या आवडीचे धपाटे करून समोर ठेवले, तो मुकाट खाऊ लागला, आकडा घसरला. एकदा तो झोपलेला असताना त्या उशाशी जाऊन बसल्या. झोपेतसुद्धा तो सावध झाला. मग त्या उठल्या, मोरीत गेल्या, नळ सोडला आणि पोटभर रडल्या.

"तुमच्याकडं येऊन तो करतो तरी काय?" त्यांनी भरतेशना एका सकाळी विचारलं. मोठ्यानं विचारावं लागायचं.

"बसतो. बोलतो."

"बोलतो? काय बोलतो?"

"मला कुठलं ऐकू येतंय, त्रिशला? त्यात माग चालू. तो बोलतोय तवर मी मान हलवतो."

"आणि विचारत नाही त्याला? बाप आहात का कोण आहात?"

भरतेशनी चपलेत पाय घालता घालता बायकोकडं बघितलं. "इचारलं असतं तर बोलला असता व्हय गं?"

त्यांना राग आला. पण त्या संध्याकाळी सम्मेद डबा घेऊन गेल्यावर त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि गल्लीतून त्याच्या मागोमाग निघाल्या.

शेडमध्ये त्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कधीतरी गेल्या असतील. दार उघडंच होतं. आठही माग चालू होते, धोटे इकडून तिकडे आदळत होते आणि जमीन पायाखाली थरथरत होती. भरतेश एका मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होते. त्यांच्या शेजारी उपड्या पेटीवर सम्मेद बसला होता आणि बोलत होता. घरात तोंड न उघडणारं ते पोर हातवारे करून, मान ताणून, ओरडून बोलत होतं. शब्द एकही पोचत नव्हता. भरतेश मधूनच मान हलवत होते.

त्रिशलाबाईंनी फोनकडं बघितलं. आकडा हिरवा होता, इतका मोठा त्यांनी त्याच्या नावापुढं कधी पाहिला नव्हता. त्यांनी उंबरा ओलांडला. सम्मेदची पाठ होती, त्यानं पाहिलं नाही. मागाच्या बाजूला सूत गुंडाळलेल्या बिमांची, म्हणजे जाड रुळांची, चळत होती, तिच्या आडोशाला त्या उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. आपलं पोर बोलताना कसं दिसतं हे त्या विसरल्या होत्या. त्याच्या गळ्याची घाटी खालीवर होत होती आणि मिसरूड फुटल्याचं त्यांना आत्ताच कळत होतं.

तेवढ्यात लाइट गेली.

आठ माग एकदम थांबले. इतकी शांतता झाली की कान दुखले, आणि त्या शांततेत सम्मेदचा आवाज तसाच, मागांवर चढवलेला, उघडा पडला.

"ऋतिका मला म्हणली होती, मामाकडं मला कधीच जायचं नाही. तिला भीती वाटायची तिथं. मॅडमना सांगू नको म्हणून शपथ घातली होती तिनं. मला आईला सांगायचं होतं, पप्पा! पण आईला सांगितलं की मॅडमना कळतं!"

शेवटचा शब्द पत्र्यावर जाऊन आदळला. आपल्याच आवाजानं दचकून तो थांबला आणि मागे वळला.

अथणीला उद्या पहिल्या गाडीनं जायचं, ऋतिकाच्या आईला आत्ताच्या आत्ता गाठायचं, पोलिसांत सांगावं लागलं तर सांगायचं, हे सगळं त्रिशलाबाईंनी उभ्या उभ्याच ठरवलं. ते त्यांना लगेच सुचलं. ते मॅडमचं काम होतं आणि मॅडमला ते येत होतं. समोर पेटीवर बसलेल्या पोराकडं कसं जायचं, पहिला शब्द काय म्हणायचा, ते मात्र सुचेना. फोन त्यांनी ओच्यात खुपसला. त्यात काय दिसतंय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. त्या एक पाऊल पुढं आल्या, आणि सम्मेद पेटीवरून उठून उभा राहिला, वर्गात कुणी आलं की उठतात तसा.

"सम्मेद," त्या म्हणाल्या.

भरतेशच्या कानात अजून मागच घणघणत होते, त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांची दाराकडं पाठ होती. अंधुक उजेडात ते धागा चाचपत होते आणि पोरगा बोलतोय असं समजून मान हलवत होते.

लाइट आली. माग एकामागून एक सुरू झाले. भरतेश मान हलवत राहिले, पण सम्मेद आता बोलत नव्हता.